धूर नसलेली वीज आणि तिचा हिशेब

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे अणुविजेविषयी एवढी पत्रे आली की एखाददुसऱ्या उत्तरावर भागवणे शक्य नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा संमत केला आणि आजवर सरकारच्याच हातात असलेले हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले, हे त्यामागचे निमित्त असावे. त्याआधी फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट, म्हणजे एक लाख मेगावॅट अणुवीज निर्माण करण्याचे उद्दिष्ट जाहीर झालेले होतेच. आज देशातील सर्व अणुवीज केंद्रांची क्षमता मिळून नऊ हजार मेगावॅटच्या आत-बाहेर आहे आणि आपल्या एकूण विजेतला तिचा वाटा सुमारे तीन टक्के आहे. एकसारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातील निम्म्या मुलांचे पालक तारापूरच्या अणुवीज केंद्रात नाहीतर एमआयडीसीत कामाला आहेत. अणुऊर्जेला मुलांसमोर ‘स्वच्छ’ म्हणावे की म्हणू नये? (एक शिक्षिका, बोईसर)

बाई, ‘कोणत्या घाणीच्या तुलनेत स्वच्छ’ हा प्रश्न आधी मुलांनाच विचारावा, असे मी सुचवेन. हवामान बदलाच्या दृष्टीने पाहिले तर उत्तर सरळ आहे. हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी मंडळाने २०१४ च्या अहवालात निरनिराळ्या विजेचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब मांडला होता. खाणकाम, सिमेंट, लोखंड, वाहतूक आणि शेवटी केंद्र मोडीत काढण्याचे काम, हे सर्व त्यात धरलेले आहे. एका युनिट विजेमागे कोळशाचे कर्बउत्सर्जन सुमारे ८२० ग्रॅम, घरांच्या छतांवरील सौर विजेचे सुमारे ४१ ग्रॅम, तर वारा आणि अणू या दोहोंचे सुमारे १२ ग्रॅम. या एका निकषावर अणुवीज पवनविजेच्या शेजारी बसते, हे तिच्या विरोधकांनीही मान्य करावे.

मुलांना हे दाखवायचे असेल तर इंधनापासून सुरुवात करावी. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत किंवा कर्नाटकातील कैग्यात जी जड पाण्याची (म्हणजे जड हायड्रोजन असलेले पाणी वापरणारी) अणुभट्टी आहे, तिचे इंधन म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या नळ्यांची एक जुडी. कैग्याच्या २२० मेगावॅटच्या भट्टीतील जुडीत अशा १९ नळ्या असतात, त्यांत युरेनियम ऑक्साइडच्या खडूच्या तुकड्याएवढ्या गोळ्या भरलेल्या असतात आणि सगळ्या जुडीचे वजन १५ किलोच्या आसपास भरते. एक माणूस ती दोन्ही हातांनी उचलू शकतो. अर्थात भट्टीत जाण्यापूर्वीच, बाहेर आल्यानंतर तिच्याजवळ फिरकताही येत नाही. भट्टी बंद न करता एका टोकाचे यंत्र नवी जुडी आत ढकलते आणि दुसऱ्या टोकाचे यंत्र जुनी बाहेर घेते. अशी एक जुडी आपल्या आयुष्यात साधारण साडेसहा लाख युनिट वीज देते. महिना दीडशे युनिट जाळणाऱ्या साडेतीनशे घरांना ती वर्षभर पुरेल. तेवढ्याच विजेसाठी साडेचारशे टन कोळसा लागतो, म्हणजे मालगाडीचे सात-आठ डबे. त्या कोळशाची राख दीडशे टनांच्या वर जाते, कारण आपल्या कोळशात राखेचेच प्रमाण तीस-चाळीस टक्के असते.

पण दुसरी बाजूही त्याच तासाला शिकवावी. ते युरेनियम कुठून तरी खणून काढावे लागते. झारखंडमधील जादुगोडा येथे १९६७ पासून युरेनियमची खाण आहे. तिथल्या खनिजात युरेनियमचे प्रमाण इतके अल्प आहे की किलोभर युरेनियमसाठी टनावारी दगड दळावा लागतो, आणि उरलेला गाळ ज्या तलावांत साठवतात, त्यांच्या कडेला आदिवासींची गावे आहेत. आपल्या घरातली वीज स्वच्छ असते, तेव्हा तिची घाण कुठल्या तरी गावाच्या वाट्याला गेलेली असते. कोळशाचे तेच आणि युरेनियमचेही तेच, फरक प्रमाणाचा आहे. तो फरक मोठा आहे, हे मात्र खरे.

जाता जाता एक गोष्ट आपल्याच गावची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या पाहणीत देशातील सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचे नाव पहिल्या क्रमांकावर होते. ते अणुभट्टीमुळे नव्हे, तर एमआयडीसीतील कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे आणि धुरामुळे. ज्या घुमटाची भीती वाटते, त्यापेक्षा ज्या नाल्याकडे आपण रोज पाहतो तो अधिक घातक असू शकतो.

प्रश्न : आम्ही आयुष्यभर औष्णिक केंद्राची राख श्वासात घेतली. मग कोळशाऐवजी अणुवीज का आणत नाहीत? (एक निवृत्त कर्मचारी, चंद्रपूर)

आपला सवाल रास्त आहे. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅट केंद्राची राख हा त्या जिल्ह्याचा रोजचा अनुभव आहे, आणि विजेच्या प्रत्येक युनिटामागे होणाऱ्या मृत्यूंचा हिशेब करणाऱ्या बहुतेक अभ्यासांत कोळसा सर्वांत वर आणि अणू जवळजवळ तळाशी येतो, चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरूनही. कोळशाचे बळी एकाच दिवशी आणि एकाच ठिकाणी पडत नाहीत, म्हणून त्यांची बातमी होत नाही, इतकेच. तरीही कोळसा काढून त्याच जागी अणुभट्टी बसवणे हे दिवा बदलण्याइतके सोपे नाही. पाणी, भूकंपाचा धोका, भोवतालची वस्ती असे जागेचे निकष वेगळे आहेत, आणि वेळ व पैसा यांचे गणित पुढे एका उत्तरात येईलच.

प्रश्न : जैतापूरला आमचा विरोध भावनिक आहे, असे आम्हाला सांगितले जाते. फुकुशिमानंतरही हा प्रकल्प कोकणावर लादणे योग्य आहे काय? येथे भूकंपाचा आणि सुनामीचा धोका नाही काय? (राजापूर तालुक्यातील तीन वाचक)

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जैतापूरजवळच्या माडबनच्या सड्यावर (पठारावर) फ्रेंच बनावटीच्या प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट, अशी ही योजना आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरणाची मंजुरी मिळाली, डिसेंबरात फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या भेटीत करार झाला, मार्च २०११ मध्ये फुकुशिमा घडले आणि एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे आंदोलकांवर झालेल्या पोलिस गोळीबारात एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. फ्रेंच कंपनीने २०२१ च्या एप्रिलमध्ये तांत्रिक आणि व्यापारी प्रस्ताव दिला, तरी पंधरा वर्षांत तिथे एकाही अणुभट्टीच्या पायाचे काँक्रीट पडलेले नाही.

आता धोक्याविषयी. फुकुशिमात नेमके काय झाले ते समजून घेतल्यावाचून जैतापूरविषयी बोलण्यात अर्थ नाही. ११ मार्च २०११ च्या भूकंपाने चालू असलेल्या अणुभट्ट्या आपोआप आणि व्यवस्थित बंद झाल्या होत्या. मात्र चुलीतले लाकूड ओढून काढले तरी निखारे धगधगत राहतात, तसे अणुभट्टीचे असते. भंजनाची, म्हणजे अणू फुटत जाण्याची साखळी थांबल्यावरही गाभ्यातील किरणोत्सारी द्रव्यांची उष्णता चालूच राहते. बंद केल्याक्षणी ती पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के असते आणि तासाभराने दीड टक्क्यापर्यंत उतरते. ऐकायला हे थोडे वाटते, परंतु जैतापूरसाठी योजलेल्या एका भट्टीची औष्णिक शक्ती साडेचार हजार मेगावॅटहून अधिक आहे, म्हणजे तासानंतरही सत्तर मेगावॅटच्या आसपास उष्णता सतत काढून घ्यावी लागेल. त्यासाठी पंप हवेत आणि पंपांना वीज हवी. फुकुशिमात बाहेरून येणारी वीज भूकंपाने गेली आणि राखीव डिझेल जनित्रे सुनामीच्या पाण्यात बुडाली. ती इमारतींच्या खालच्या मजल्यांवर ठेवलेली होती. केंद्राची रचना सहा मीटरांहूनही कमी उंचीच्या लाटेसाठी केलेली होती आणि आलेली लाट चौदा-पंधरा मीटरांची होती.

हा निकष लावला तर जैतापूरला सुनामी ही माझ्या मते पहिली चिंता नाही. अरबी समुद्रात सुनामी येतच नाही, असे मात्र कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत पोचली होती. परंतु माडबनचा सडा समुद्रापासून सुमारे पंचवीस मीटर उंच आहे आणि मकरान दूर आहे. २००४ च्या सुनामीत तमिळनाडूतील कल्पक्कमच्या केंद्राच्या पंपघरात पाणी शिरले, तेव्हा तेथील चालू अणुभट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली, हेही नोंदवायला हवे. भूकंपाची बाब थोडी निराळी आहे. डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप कोकणी माणूस विसरू शकत नाही. सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप सह्याद्रीच्या पायथ्याशी होऊ शकतो, हे त्याने दाखवून दिले. अभियंते अशा हादऱ्यासाठी रचना करू शकतात आणि करतातही. मात्र गृहीत धरलेला हादरा किती मोठा आहे आणि तो कोणी तपासला, हे कागद गावकऱ्यांना वाचता येतील अशा भाषेत त्यांच्यासमोर ठेवले गेले पाहिजेत.

मला खरी अडचण दिसते ती दोन ठिकाणी. पहिली आकाराची. आज जगातील सर्वांत मोठे अणुवीज केंद्र जपानमधील काशिवाझाकी-कारिवा हे सुमारे ८,२०० मेगावॅटचे आहे. २००७ च्या भूकंपानंतर ते अख्खे बंद पडले, आणि २०११ नंतरही ते वर्षानुवर्षे बंदच राहिले. जैतापूर त्याहून मोठे होणार. इतकी वीज एका सड्यावर एकवटली तर एकाच कारणाने ती सर्वच्या सर्व गमावण्याची वेळ येऊ शकते. दुसरी अडचण समुद्राची. सहाही भट्ट्या पूर्ण शक्तीने चालल्या तर विजेच्या जवळपास पावणेदोन पट, म्हणजे सतरा हजार मेगावॅटहून अधिक उष्णता समुद्रात सोडावी लागेल. पाण्याचे तापमान सात अंशांनी वाढवायची मुभा धरली, तरी सेकंदाला सहाशे घनमीटर, म्हणजे दिवसाला सुमारे ५,२०० कोटी लिटर पाणी आत घेऊन कोमट करून परत सोडायचे. ज्यांची घरे राजापूरच्या खाडीवर आणि साखरी नाट्याच्या बंदरावर चालतात, त्यांना त्या पाण्यात बांगडा येईल की नाही हा प्रश्न पडला, तर त्याला भावनिक म्हणणे हा उर्मटपणा आहे. शिवाय सुरक्षेच्या नावाखाली किनाऱ्याचा किती पट्टा मासेमारीला बंद होईल, हेही तारापूरच्या अनुभवावरून विचारण्याजोगे आहे. तिथे तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवली गेली, आणि पुनर्वसनाची गाऱ्हाणी भट्ट्या सुरू होऊन वर्षे लोटली तरी चालू राहिली.

तेव्हा माझे मत विचाराल तर अणुविजेला सरसकट विरोध मला पटत नाही, पण जैतापूरचा हा आराखडाही मला पटत नाही.

प्रश्न : वापरलेल्या इंधनाचे शेवटी काय करतात? हजारो वर्षे टिकणारा कचरा पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात बांधणे नैतिक आहे काय? (एक वाचक, सातारा)

भट्टीतून निघालेली जुडी प्रथम काही वर्षे खोल पाण्याच्या टाकीत ठेवतात. पाणी तिला थंडही ठेवते आणि तिचे किरणही अडवते. अमेरिकेसारख्या देशात हेच इंधन पुढे कचरा मानून पोलादी पिपांत भरले जाते. आपले धोरण निराळे आहे. आपण त्यावर पुनर्प्रक्रिया करतो, म्हणजे त्यातील युरेनियम आणि भट्टीत नव्याने तयार झालेले प्लुटोनियम वेगळे काढतो. होमी भाभांनी आखलेल्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमात हेच प्लुटोनियम दुसऱ्या टप्प्याचे इंधन आहे आणि त्यातून पुढे आपल्या किनाऱ्यांवरील वाळूत असलेल्या थोरियमपर्यंत पोचायचे आहे. हा दुसरा टप्पा किती रेंगाळला ते पाहा. कल्पक्कमच्या ५०० मेगावॅटच्या द्रुतप्रजनक (जाळते त्याहून अधिक इंधन तयार करणाऱ्या) अणुभट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले आणि तिचा गाभा भरण्याचा आरंभ मार्च २०२४ मध्ये झाला.

पुनर्प्रक्रियेनंतर जो अस्सल कचरा उरतो, तो एकूण इंधनाच्या काही टक्केच असतो, पण बहुतेक सर्व किरणोत्सार त्यातच असतो. तो वितळलेल्या काचेत मिसळून पोलादाच्या डब्यांत ओततात. हे काम तारापूर, तुर्भे (ट्रॉम्बे) आणि कल्पक्कम येथे होते. काच पाण्यात विरघळत नाही, म्हणून काच. या कचऱ्यातले सगळेच टाकाऊ नसते, हेही सांगण्यासारखे आहे. त्यातून वेगळे काढलेले सीझियम काचेच्या पेन्सिलींत भरून भाभा अणुसंशोधन केंद्र ते रक्तपेढ्यांतील किरणोपचार यंत्रांसाठी देते, आणि त्या किरणांनी संस्कारित केलेले रक्त प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना निर्धोकपणे चढवता येते.

आपल्या पत्रातील ‘हजारो वर्षे’ हा शब्दप्रयोग मात्र बारकाईने पाहू. कचऱ्यातील सीझियम आणि स्ट्राँशियम यांचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, तीस वर्षांच्या आसपास आहे, म्हणजे तीनशे वर्षांत ते हजारातील एका भागावर येतात. तीनशे वर्षे माणसाला कल्पनेत धरता येतात. शिवकाळ तेवढाच मागे आहे. प्लुटोनियमचे अर्धायुष्य मात्र २४ हजार वर्षे आहे. म्हणूनच त्याला कचऱ्यात न सोडता जाळून टाकण्याचा विचार पुढे येतो, आणि म्हणूनच द्रुतप्रजनक भट्टीचा प्रत्येक वर्षाचा विलंब हा कचऱ्याच्या प्रश्नाचाही विलंब ठरतो. जमिनीखाली कायमचे ठेवण्याच्या बाबतीत फिनलंड सर्वांत पुढे आहे. ओल्किलुओतो येथे चारशे मीटरांहून खोल खडकात त्यांनी बोगदे खोदले आहेत. भारतात अशी अंतिम जागा ठरलेली नाही. हे उणे आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तरी नैतिकतेचा प्रश्न कोळशालाही विचारा, कारण त्याचा कर्बवायू पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात आपण काचेत बंद न करताच बांधतो आहोत.

प्रश्न : केंद्राजवळ राहिल्याने मुलांना कर्करोग होतो असे समाजमाध्यमांवर वाचले. आमचे सासर तारापूरपासून दहा किलोमीटरवर आहे. काळजी करावी का? (एक वाचक, डोंबिवली)

निसर्गातून, म्हणजे दगड-मातीतून, आकाशातून आणि अन्नातून, जगातील माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट (हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचे माप) किरणोत्सार मिळतोच. अणुवीज केंद्रामुळे सामान्य नागरिकाला मिळणाऱ्या जादा किरणोत्साराची मर्यादा वर्षाला एक मिलिसीव्हर्ट आहे आणि प्रत्यक्षात मिळणारा त्याहून पुष्कळ कमी असतो. छातीचा एक सीटी स्कॅन केला तर एका बैठकीत सहा-सात मिलिसीव्हर्ट मिळतात. केरळातील चवरा-करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर थोरियमयुक्त वाळूमुळे जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट किरणोत्सार आहे, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहत आहेत.

याचा अर्थ शंका निराधार आहे, असा मात्र नाही. जर्मनीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात केंद्रांपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले होते. त्याच संशोधकांनी हेही लिहिले होते की केंद्रांतून होणारे उत्सर्जन इतके अल्प आहे की त्याने हे प्रमाण समजावता येत नाही. दुवा दिसतो, कारण दिसत नाही, अशी ती अवस्था आहे. आपले सासर दहा किलोमीटरवर आहे. झोप उडवून घेण्याचे कारण नाही. उलट बोईसरची हवा आणि घरातली तंबाखू यांची काळजी आधी करावी.

प्रश्न : कैग्याच्या केंद्रातील पिण्याच्या पाण्यात किरणोत्सारी द्रव्य मिसळल्याची बातमी पूर्वी आली होती, ती खरी की अफवा? (एक वाचक, मडगाव)

खरी. नोव्हेंबर २००९ मध्ये कैग्यातील पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, अधिक आढळले. शोध घेतला तेव्हा आतल्याच कोणीतरी पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळल्याचे दिसून आले. बाहेरच्या पाण्याला बाधा झाली नाही. याच केंद्राच्या पहिल्या भट्टीने २०१८ मध्ये सलग ९६२ दिवस न थांबता चालून त्या वेळचा जागतिक विक्रम केला. दोन्ही गोष्टी एकाच केंद्राच्या आहेत. यंत्र अडीच वर्षांहून अधिक काळ न थकता चालू शकते, आणि एक माणूस एका रात्रीत कूलरपाशी जाऊ शकतो.

प्रश्न : सौर वीज अडीच रुपये युनिटने मिळत असताना अणुविजेचा हा खटाटोप कशासाठी? (पुण्यातून एक अभियंता व सोलापुरातून एक शेतकरी)

या प्रश्नावर मी स्वतः सर्वाधिक घुटमळतो. सौर विजेचे अडीच रुपये खरे आहेत, पण ते दुपारचे आहेत. महाराष्ट्रात शेतीपंप दिवसा सौर विजेवर चालवण्याचे जे प्रयत्न चालू आहेत ते म्हणूनच शहाणपणाचे आहेत, कारण पंप दुपारी चालवता येतो. संध्याकाळी सात वाजता मात्र घरोघर दिवे, पंखे आणि टीव्ही एकदम लागतात आणि तेव्हा सूर्य गेलेला असतो. ही वीज साठवायची तर बॅटरी हवी किंवा घाटघरसारखी योजना हवी, जिथे स्वस्त विजेने पाणी वरच्या धरणात चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडतात. घाटघर अवघे २५० मेगावॅटचे आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर अशा आणखी जागा आहेत, त्यांचा अभ्यास अधिक वेगाने व्हायला हवा होता. अणुवीज रात्री, पावसाळ्यात आणि ढगांतही तेवढीच मिळते. वर्षाच्या ऐंशी टक्के काळ पूर्ण शक्तीने चालणारी भट्टी ही नवलाची गोष्ट नाही, तर सौर केंद्राला वीस-पंचवीस टक्क्यांवर समाधान मानावे लागते.

परंतु अणुविजेचा शत्रू किरणोत्सारापेक्षा व्याज हा आहे. इंधनाचा खर्च थोडा, बांधकामाचा खर्च प्रचंड, आणि तो पैसा पहिले युनिट विकण्यापूर्वीच कर्जाने उभारलेला. बांधकाम लांबले की व्याज चढत जाते. जैतापूरसाठी जी बनावट ठरली आहे, तिचाच फ्रान्समधील फ्लामानव्हिल येथील नमुना २००७ मध्ये ३३० कोटी युरोंच्या अंदाजाने सुरू झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये विजेच्या जाळ्याला जोडला गेला, तोवर आकडा १,३२० कोटी युरोंपर्यंत गेला होता. फिनलंडमधील त्याच जातीची भट्टी २००९ मध्ये सुरू व्हायची होती, ती २०२३ मध्ये नियमित चालू झाली. ज्या देशाने ही भट्टी बनवली त्याच्या घरी सतरा वर्षे लागली, तर माडबनला किती लागतील?

उलट तारापूरची चौथी भट्टी पाहा. पूर्णपणे देशी बनावटीची ही ५४० मेगावॅटची भट्टी मार्च २००० मधील पहिल्या काँक्रीटपासून सुमारे पाच वर्षांत प्रज्वलित झाली. म्हणजे आपल्याला हे जमते. पण त्यानंतरच्या ७०० मेगावॅटच्या पहिल्या भट्टीला, गुजरातमधील काकरापारच्या तिसऱ्या एककाला, २०१० च्या आरंभानंतर व्यापारी उत्पादनापर्यंत पोचायला २०२३ उजाडले. ज्याचा आपल्याला अभिमान वाटावा असे काही तारापुरात घडले आणि काकरापारात ते विसरले गेले, याची चर्चा शंभर गिगावॅटच्या घोषणेपेक्षा अधिक उपयोगी ठरेल. माझ्या मते देशी ७०० मेगावॅटच्या भट्ट्या, त्याच नकाशाने, एकामागून एक, तीच कारागीर मंडळी हाताशी ठेवून बांधत जाणे, हाच अणुविजेचा परवडणारा मार्ग आहे. आणि तो सौर विजेला पर्याय म्हणून नव्हे, तर संध्याकाळच्या कोळशाला पर्याय म्हणून.

प्रश्न : खासगी कंपन्यांच्या भट्टीत अपघात झाला तर भरपाई कोण देणार? (एक वकील, नाशिक)

२०१० च्या दायित्व कायद्यात केंद्र चालवणाऱ्याची जबाबदारी १,५०० कोटी रुपयांपर्यंत होती आणि सदोष यंत्रसामग्री देणाऱ्या पुरवठादाराकडून ती वसूल करण्याचा हक्क चालकाला दिलेला होता. भोपाळची आठवण ताजी असताना हे कलम आले आणि याच कलमामुळे परदेशी कंपन्या पंधरा वर्षे बिचकत राहिल्या. नव्या कायद्यात करारात तसे लिहिलेले असेल किंवा नुकसान हेतुपुरस्सर केलेले असेल तरच पुरवठादाराकडे जाता येते. चालकाची मर्यादा भट्टीच्या आकारानुसार बदलते आणि सर्वांत मोठ्या भट्ट्यांसाठीही ती तीन हजार कोटी रुपये आहे. त्यापुढचे सरकारने, म्हणजे आपण भरायचे. फुकुशिमाची भरपाई दहा लाख कोटी येनच्या, म्हणजे पाच लाख कोटी रुपयांच्या वर गेली आहे, एवढे शेजारी ठेवून ही मर्यादा वाचावी. नव्या कायद्याने अणुऊर्जा नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला, ही चांगली गोष्ट आहे. ज्या खात्यावर देखरेख करायची त्याच खात्याच्या छायेत हे मंडळ असल्याबद्दल नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्येच ताशेरे ओढले होते. दर्जा कागदावर मिळाला आहे. एखाद्या बड्या उद्योगसमूहाची भट्टी हे मंडळ तीन महिने बंद ठेवायला लावील, तेव्हा त्याची परीक्षा होईल.

प्रश्न : आम्ही केंद्रापासून सोळा किलोमीटरच्या आत राहतो. आयोडीनच्या गोळ्या घरी आणून ठेवाव्यात का? (एक गृहिणी, पालघर जिल्हा)

सोळा किलोमीटरचा टापू हा आपत्कालीन नियोजनाचा टापू आहे. तिथे निवारा, वाहने आणि गोळ्यांचे वाटप यांची आखणी प्रशासनाने करून ठेवायची असते. पोटॅशियम आयोडाइडची गोळी फक्त एकाच गोष्टीसाठी आहे. अपघातात किरणोत्सारी आयोडीन बाहेर पडले तर गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आधीच साध्या आयोडीनने भरून ठेवायची, म्हणजे घातक आयोडीनला तिथे जागा उरत नाही. चेर्नोबिलनंतर मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला तो प्रामुख्याने दूषित चाऱ्यावर चरलेल्या गाईंच्या दुधातून. तिथे दूध वेळीच थांबवले असते तर पुष्कळ मुले वाचली असती. या आयोडीनचे अर्धायुष्य आठ दिवसांचे असते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांचेच पथ्य महत्त्वाचे. सीझियम किंवा इतर द्रव्यांवर या गोळीचा उपयोग नाही. प्रशासन सांगेल तेव्हाच आणि सांगेल तेवढीच ती घ्यावी, आणि थायरॉइडचा विकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवावे. आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन काही साधत नाही. जखमेवर लावायचे तांबडे औषध तर चुकूनही पिऊ नये. २०११ मध्ये जपानमध्ये तसा इशारा द्यावा लागला होता. गावात आपत्कालीन सराव असेल त्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या माणसांसह जाऊन या आणि गोळ्यांचा साठा कोणत्या आरोग्य केंद्रात ठेवला आहे, त्याची किल्ली कोणाकडे असते, हे तिथेच विचारून घ्या.